मऊपणा कुठे जातो

कपाट आवरताना जुनी कंपासपेटी हाती लागली. पत्र्याची, झाकणावरचा रंग उडालेला. आत कर्कटक होतं, गुण्या होता, आणि पारदर्शक पट्टीला चिकटून बसलेला एक पांढरा खोडरबर. ओढला तर निघेना. नख घालून उचकटल्यावर सुटला, पण पट्टीवर त्याच्या मापाचा खड्डा उरला. कडा वितळल्यासारख्या, सहापासून नवापर्यंतच्या रेघा पुसलेल्या.

ही पेटी वीसेक वर्षं कुणी उघडली नव्हती. तिला ऊन लागलं नव्हतं, आच लागली नव्हती. दोन वस्तू एकमेकींना टेकून नुसत्या पडून होत्या, आणि तेवढ्यात एकीतलं काहीतरी दुसरीत गेलं होतं. ते काय, हे मला ठाऊक होतं. मी रसायनशास्त्र शिकवते, तो रेणू कितीतरी वेळा फळ्यावर काढलेला आहे. पण फळ्यावरचा रेणू वेगळा आणि बोटाला लागणारा खड्डा वेगळा. त्या दिवशी आवराआवर तशीच राहिली आणि मी तो खड्डा चाचपत बसले.

पांढरे गुळगुळीत खोडरबर बऱ्याचदा रबराचे नसतातच, पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. पाण्याचे पाइप, खिडक्यांच्या चौकटी, ही त्याची मूळ प्रकृती. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की हलायला जागाच नसते. त्या सैल करायच्या तर मध्ये छोटे, तेलकट रेणू शिरवावे लागतात. मग साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि पाइपाचंच प्लॅस्टिक रेनकोट होऊन अंगावर लपेटतं. १९२६ साली अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटवायला काही सापडतंय का ते बघत होता. त्याने पीव्हीसी एका जड, सहज न उडणाऱ्या द्रवात तापवून विरघळवलं. थंड झाल्यावर त्याच्या हातात हवा होता तो गोंद आला नाही. दाबलं तर दबणारा, सोडलं तर उसळणारा लवचीक गोळा आला. मऊ प्लॅस्टिकचं आपलं जग तिथून सुरू झालं.

साखळ्यांमध्ये शिरणाऱ्या या रेणूंना प्लॅस्टिसायझर म्हणतात, आणि त्यांतलं सर्वांत मोठं घराणं थॅलेटांचं. या नावाची गोष्ट मला आवडते. १८३६ मध्ये ओग्युस्त लोराँ या फ्रेंच रसायनज्ञाने नॅफ्थॅलीनपासून, म्हणजे आपल्या डांबरगोळीपासून, एक आम्ल काढलं. त्याला आधी नॅफ्थॅलीनवरूनच नाव मिळालं, मागाहून पुढचं अक्षर गळलं आणि ‘थॅलिक’ उरलं. थॅलेटं या आम्लाची मुलं. कपाटातली डांबरगोळी कुणी हात न लावता झिजत झिजत एक दिवस नाहीशी होते, आणि हीही तशीच कुणाला न सांगता वस्तू सोडून जातात. शास्त्र म्हणून ही तुलना काटेकोर नाही, पण मनातून जात नाही.

सगळं इथेच आहे, की थॅलेटांचं त्या साखळ्यांशी रासायनिक बंधन नसतं. ती तिथे फक्त राहायला आलेली असतात, आणि संख्येने थोडीथोडकी नसतात. रुग्णालयातल्या मऊ नळीत किंवा रक्ताच्या पिशवीत डीईएचपी नावाचं थॅलेट वजनाच्या तीस ते चाळीस टक्के असू शकतं. शंभर ग्रॅमची नळी हातात घेतली तर त्यातले तीसचाळीस ग्रॅम खरं तर एक तेल असतं. बाहेर पडायला त्याला फारसं निमित्त लागत नाही. ऊब मिळाली की ते निघतं, चरबी किंवा स्निग्ध पदार्थ टेकला की त्यात उतरतं, शेजारी दुसरं प्लॅस्टिक असलं तर त्यात घुसतं. उन्हात उभ्या राहिलेल्या नव्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट, पुसलं तर फरफटणारा थर येतो, त्यात हेही असतं. घरात ते धुळीवर बसतं. रांगणारं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं तेव्हा त्या धुळीबरोबर ते पोटात जातं. २००४ मध्ये स्वीडनमधल्या कार्ल-गुस्ताफ बोर्नेहाग यांच्या गटाने मुलांच्या खोल्यांतली धूळ तपासली, तेव्हा थॅलेटांचं प्रमाण आणि मुलांचा दमा, इसब, सर्दीची ॲलर्जी यांचा संबंध दिसला होता.

सगळी थॅलेटं प्लॅस्टिकसाठीच असतात असंही नाही. डीईपी हे हलकं थॅलेट अत्तरं, शाम्पू, क्रीम यांतला सुगंध टिकवायला वापरतात, आणि वेष्टनावर त्याचं नाव बहुधा येत नाही. सुगंधाचं सूत्र व्यापारी गुपित मानलं जातं, म्हणून ‘फ्रॅग्रन्स’ एवढाच शब्द छापतात. डीबीपी नेलपॉलिशमध्ये असायचं, आणि पोटात न विरघळता आतड्यात विरघळाव्या अशा काही गोळ्यांच्या लेपातही. म्हणजे ज्याला आपण औषध म्हणून गिळतो त्याच्या सालीतसुद्धा.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करते, कारण वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या पीईटीच्या असतात आणि त्या नावाच्या लांबलचक रूपात ‘टेरेफ्थॅलेट’ असा शब्द येतो. तो ऐकून पालक घाबरतात. पण तिथे तो रेणू साखळीचाच भाग असतो, पक्का विणलेला, आणि त्याची रचनाही वेगळी. पीईटीला मऊ करायला प्लॅस्टिसायझर लागत नाही. नाव सारखं, कूळ वेगळं.

हे सगळं शिकवत असताना मला ते घरापर्यंत आणायला एक फोन पुरला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दिवसांआधी जन्मला होता. सात आठवडे तो काचेच्या पेटीत होता. नाकातून पोटात जाणारी नळी, श्वासाची नळी, शिरेत घातलेली सुई आणि तिला जोडलेली नळी, दोनदा रक्त चढवलं ती पिशवी. आम्ही दोघी काचेबाहेर उभ्या राहून त्या नळ्यांकडे बघायचो. त्या मला तेव्हा दोऱ्यांसारख्या वाटायच्या, त्याला या जगाशी बांधून ठेवणाऱ्या. तो वाचला. आता नऊ वर्षांचा आहे, सायकल दामटतो. आणि एका रात्री बहिणीचा फोन आला. तिने कुठेतरी काही वाचलं होतं.

“ताई, त्या नळ्यांमधून काहीतरी झिरपतं म्हणे. मुलग्यांना वाईट असतं म्हणे ते. तुला माहीत होतं?”

मला माहीत होतं. काचेबाहेर उभी होते तेव्हाही माहीत होतं. मी तिला तेव्हा सांगितलं नव्हतं, आणि सांगून तिने काय केलं असतं हे मला आजही कळत नाही.

नळ्यांची गोष्ट पूर्ण सांगायला हवी, कारण ती भीतीच्या बातमीत मावत नाही. आधी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवायचे. बाटल्या फुटायच्या, आत हवेचे बुडबुडे राहायचे, जंतुसंसर्गाची भीती असायची. १९५०च्या सुमारास कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिने रक्तपेढ्यांचं सगळं कामच बदललं. एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत, हवा न लागू देता, रक्ताचे घटक वेगळे करता येऊ लागले. मग १९७० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रुडॉल्फ येगर आणि रॉबर्ट रुबिन यांनी दाखवून दिलं, की पिशवीतलं थॅलेट रक्तात उतरतं आणि ज्यांना असं रक्त चढवलं त्यांच्या शरीरात सापडतं. तरीही पिशव्या बदलल्या नाहीत. याचं कारण पुढे उमगलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं: डीईएचपी तांबड्या पेशींच्या पटलात शिरून त्यांना साठवणीत फुटण्यापासून वाचवतं. रक्त सहा आठवडे टिकतं त्यात या झिरपणाऱ्या तेलाचाही हात आहे. ज्याने इजा होईल अशी शंका, त्यानेच पेशी तगतात. त्यामुळे दुसरा प्लॅस्टिसायझर शोधताना तो निरुपद्रवी असणं पुरत नाही, तो रक्ताला तितकाच मानवावा लागतो.

२००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक सूचना काढली: नवजात मुलगे, मुलगा पोटात असलेल्या गर्भवती स्त्रिया आणि वयात येणारे मुलगे यांच्यावर असे उपचार करायचे असतील तर शक्य तिथे डीईएचपी नसलेली साधनं वापरावीत. मात्र कुणीही आवश्यक उपचार टाळू नयेत, हेही त्याच सूचनेत होतं. मी बहिणीला हे वाचून दाखवलं. दुसरं वाक्य दोनदा वाचलं.

मुलग्यांचंच नाव का, तर नर उंदराच्या गर्भावर ठरावीक थोड्या दिवसांत काही थॅलेटं पडली, तर वृषणात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी बनतं. मग जननेंद्रियांची घडण बिघडते, वृषण खाली उतरत नाहीत, मोठेपणी शुक्रजंतू कमी होतात. प्रयोगशाळेत हा परिणाम इतका ठरलेला दिसतो, की त्याला ‘थॅलेट सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे. माणसांत असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. पण २००५ मध्ये शॅना स्वॉन यांच्या गटाने गर्भारपणी आईच्या लघवीत थॅलेटांचे अंश मोजले आणि नंतर ८५ मुलग्यांची मोजमापं घेतली. आईमध्ये अंश जास्त, तर मुलाचं गुदद्वारापासून जननेंद्रियापर्यंतचं अंतर कमी, असा कल दिसला. उंदरांमध्ये हेच अंतर टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेची खूण असतं. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे, आणि उंदरांना दिलेली मात्रा आपल्या रोजच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी असते. दुसरीकडे, आपण एकच थॅलेट घेत नाही. चार-पाच मिळून येतात आणि एकाच जागी काम करतात. म्हणून युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये चार थॅलेटांना एकत्र धरून मर्यादा ठरवली: रोज, शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मायक्रोग्रॅम. कर्करोगाच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचंच मत फिरत राहिलं. डीईएचपी १९८२ मध्ये ‘माणसाला संभाव्य कर्करोगकारक’ या वर्गात होतं, २००० मध्ये त्यातून काढलं, आणि दहा-अकरा वर्षांनी परत तिथेच आणून ठेवलं.

शास्त्र असं मागेपुढे करतं तेव्हा लोक त्याला धरसोड म्हणतात. मला ते प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. पण बहिणीला ते सांगणं सोपं नव्हतं. तिला आकडे नको होते. आपण काही चुकलो का, एवढंच तिला हवं होतं.

त्या फोननंतर मी स्वतःच घर उपसायला घेतलं. डबे पालथे घालून तळच्या त्रिकोणातले आकडे वाचत सुटले. तीन म्हणजे पीव्हीसी. तीन शोधत होते आणि बहुतेक डबे पाचचे निघाले, पॉलिप्रॉपिलीनचे, ज्याला मऊ व्हायला थॅलेटांची गरजच नसते. तीन नंबर सापडला तो न्हाणीघराच्या पडद्यात, मेजावरच्या आच्छादनात, जुन्या वायरींत. पडदा काढला. सुगंधी क्रीम बंद केलं. ओल्या फडक्याने रोज धूळ पुसू लागले. हे सगळं मी आजही करते आणि यात चूक काही नाही. पण मन शांत झालं नाही, कारण तोवर मी अमेरिकेतल्या सिएटल शहरात झालेला एक अभ्यास वाचला होता.

आधी दुसरा सांगते. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पाच कुटुंबांतल्या वीस जणांना तीन दिवस ताजं, डबाबंद नसलेलं, प्लॅस्टिकमध्ये न बांधलेलं अन्न दिलं. तीन दिवसांत त्यांच्या लघवीतले डीईएचपीचे अंश निम्म्याहून कमी झाले. नेहमीचं जेवण सुरू झालं तशी पातळी पुन्हा वर गेली. हे वाचून कुणालाही हुरूप येईल. थॅलेटं शरीरात साठून राहत नाहीत. एकदा पोटात गेलेलं डीईएचपी बहुतांश एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. तरीही जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते रोज सापडतं, कारण ओढ्यातलं पाणी थांबत नसलं तरी ओढा कोरडा पडत नाही, वरून येतच असतं. वरचं येणं थांबवलं की झालं, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या आकड्यांवरून वाटतं.

सिएटलला दोन वर्षांनी दहा कुटुंबं घेतली. पाचांना प्लॅस्टिक कसं टाळावं याची लेखी माहिती दिली. उरलेल्या पाचांना पाच दिवस तयार जेवण पोचवलं: ताजे, सेंद्रिय, जवळपास पिकलेले जिन्नस, आणि स्वयंपाकात, साठवणीत, वाहतुकीत कुठेच प्लॅस्टिक नाही. माहिती मिळालेल्या कुटुंबांत काही फरक पडला नाही. ज्यांना जपून रांधलेलं जेवण दिलं, त्यांच्या शरीरातलं डीईएचपी सुमारे पंचवीस पट वाढलं. संशोधकही चक्रावले. मग त्यांनी एकेक जिन्नस तपासला, तेव्हा धणेपुडीत दर ग्रॅमला वीस मायक्रोग्रॅमहून अधिक डीईएचपी निघालं, आणि दुधातही बरंच. धणे कुठे दळले, कशात भरले, दूध कुठल्या नळीतून वाहिलं, हे त्या स्वयंपाक्याला कसं कळणार? त्याने आपल्याकडून प्लॅस्टिक टाळलंच होतं.

हा अभ्यास वाचून मी बराच वेळ गप्प होते. आपण वस्तूच्या शेवटच्या मुक्कामी उभे असतो. तिच्या आधीच्या प्रवासातले पट्टे, हातमोजे, नळ्या, पिंपं आपल्या नजरेला पडत नाहीत. जपानमध्ये २०००च्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी सापडलं, त्याचा माग काढला तर ते वाढणाऱ्यांच्या पीव्हीसी हातमोज्यांपर्यंत पोचलं. मोजे निर्जंतुक राहावेत म्हणून त्यांवर अल्कोहोल फवारत, आणि त्याने ते आणखी सुटून येई. स्वच्छतेसाठी घातलेले मोजे, स्वच्छतेसाठीच फवारलेलं अल्कोहोल. तिथे सरकारने असे मोजे अन्नासाठी वापरायला बंदी केली, आणि जेवणातलं प्रमाण उतरलं. कुणाही गृहिणीला घरी बसून हे करता आलं नसतं.

म्हणून मला राग येतो तो “आईने काळजी घ्यावी” अशा थाटाच्या याद्यांचा. बायकांवर आधीच पुरेशा गोष्टींचं ओझं असतं. कायदे झाले तिथे पातळी खरोखर उतरली आहे. युरोपने १९९९ मध्ये लहान बाळं तोंडात घालतात त्या खेळण्यांतून सहा थॅलेटं तातडीने हटवली, पुढे २००५ मध्ये नियम कायम केला, आणि २०२० पासून चार थॅलेटांना बहुतेक घरगुती वस्तूंत ०.१ टक्क्याची सीमा घातली. अमेरिकेत खेळण्यांचा कायदा २००८ मध्ये आला. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये सलाइनच्या पिशव्यांतून डीईएचपी काढायचा कायदा केला, तो २०३० पासून लागू होईल. येगर-रुबिन यांच्या शोधाला तेव्हा साठ वर्षं झालेली असतील.

उतरलेल्या थॅलेटांच्या जागी काय आलं, हाही प्रश्न आहेच. डीआयएनसीएच हा नवा प्लॅस्टिसायझर २००२ मध्ये बाजारात आला. लघवीच्या तपासण्यांत डीईएचपीची रेघ खाली जाते आणि त्याची वर चढते. आजवरच्या चाचण्यांत तो बराच सौम्य ठरला आहे. तोही साखळ्यांना बांधलेला नाही, इतकं मात्र फळ्यावर रेणू काढला की लगेच दिसतं.

संग्रहालयांतल्या लोकांना हे झिरपणं आपल्याआधी डोळ्यांनी दिसलं होतं. जुन्या बाहुल्यांचे हातपाय चिकट होतात, त्यांना घाम फुटल्यासारखा दिसतो. चंद्रावर जाऊन आलेल्या अंतराळपोशाखांतल्या पीव्हीसी नळ्यांमधूनही असाच चिकट द्रव बाहेर आला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात यिव्हॉन शाशुआ यांनी हे पीव्हीसी वर्षानुवर्षं अभ्यासलं. त्यांना आढळलं, की पॉलिथीनच्या पिशवीत ठेवलेली वस्तू लवकर खराब होते, कारण पिशवी थॅलेट शोषत राहते. बंद काचेत ठेवलं तर ते बाहेर पडायचं जवळपास थांबतं.

गेल्या महिन्यात बहिणीकडे गेले होते. तिने भाच्याचा फोटोंचा अल्बम काढला. त्याच्या पहिल्या पानावरच्या खिशात तिने त्याचा रुग्णालयातला मनगटाचा पट्टा जपून ठेवलाय. मऊ व्हिनाइलचा, माझ्या करंगळीलाही जेमतेम बसेल एवढा. त्यावर निळ्या शाईने फक्त आईचं नाव आणि वजन लिहिलं होतं, कारण तेव्हा बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं. ती तो बाहेर काढायला गेली तर खिशाला चिकटला होता. सोडवला तेव्हा निळी अक्षरं अर्धी पट्ट्यावर राहिली, अर्धी खिशाच्या प्लॅस्टिकवर उलटी उमटली. पट्टा पूर्वीसारखा वळत नव्हता.

“असा कसा गं कडक झाला?” ती म्हणाली.

मी सांगितलं. यावेळी सगळं सांगितलं, नळ्यांचं, रक्ताच्या पिशवीचं, पेशी तगतात त्याचंही. ती ऐकत होती आणि पट्टा अंगठ्याने चोळत होती. भाचा मधेच येऊन बघून गेला, हा माझा हात एवढा होता का, म्हणून हसला आणि पुन्हा बाहेर पळाला.

मग तिने स्वयंपाकघरातून घट्ट झाकणाची एक छोटी काचेची बाटली आणली, पुसून कोरडी केली, आणि पट्टा न दुमडता हलकेच आत सोडला.